बिनआरशाचा कॅमेरा

“द्वारका कुठाय? आधी तिला बोलवा आऊ, मग उघडतो.”

श्रीरंगनं काखेतली चौकट ओट्यावर टेकवली. चांगली हातभर रुंद, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली. चढानं दम लागला होता, पण तोंडावर लग्नघरातली कळा.

आऊ ओट्यावर वाती वळत बसली होती. हात थांबले नाहीत.

“कोन हाय?”

“मी, श्रीरंग. आवाज ओळखला नाहीत?”

“वळखला. पर पायरीवर खट् झालं न्हाई, म्हनून इचारलं.”

श्रीरंग हसला. हेच तर ऐकायला तो नाशिकहून निघाला होता.

ही मठी सातमाळ्याच्या डोंगरात, गावापासून तासभर चढून गेलं की लागते. कपारीत दोन खोल्या, पुढं ओटा, आणि ओट्याच्या डाव्या अंगाला कातळात खोदलेलं टाकं. बारा पायऱ्या उतरायच्या की पाणी. वैशाखातसुद्धा आटत नाही.

आऊ तिथली गुरुमाय. वय ऐंशीच्या पुढं. डोळे लहानपणी देवी आल्या त्यातच गेले. घर सुटलेल्या, मार खाऊन वाटेला लागलेल्या बायका तिच्याकडं येऊन टेकायच्या. कुणी महिना राहायची, कुणी वर्ष. कुठून आलीस हे तिथं कुणी विचारायचं नाही.

टाक्याची मात्र एक रीत होती. पुरुषमाणसानं वरच्या पायरीवर थांबायचं आणि खाकरायचं. खाली कुणी बाई असली तर ती पदर घेईल, तोंड फिरवील, नाहीतर ‘थांबा’ म्हणेल. मगच उतरायचं.

नऊ वर्षांपूर्वी श्रीरंग पहिल्यांदा आला, तो गळ्यात कॅमेरा अडकवून थेट पायरीवर. खाकरणं नाही, काही नाही. खट्! खालून दोन बाया ओरडल्या.

आऊ ओट्यावरून म्हणाली होती, “मानूस खाकरत न्हाई, पर त्याचं यंत्र खाकरतंय. चालंल.”

बाया पोट धरधरून हसल्या. तेव्हापासून त्याचं नाव पडलं खोकलेकर. तो आला की वर खट् व्हायचं, खालच्या बाया तोंड फिरवायच्या, आणि आऊ म्हणायची, “आले आमचे खोकलेकर.” नऊ वर्षांत त्याच्या घशाला खाकरायची वेळ आली नाही.

“खट् आता व्हायचं नाही आऊ,” तो म्हणाला. “जुना कॅमेरा गेला. हा नवा. याच्यात आरसाच नाही.”

“आरसा?”

“जुन्याच्या पोटात आरसा असायचा. फोटो काढताना तो वर उडायचा, त्याचा तो खट् आवाज. याच्यात आरसा नाही, म्हणून आवाज नाही. बघा, आत्ता तुमचा काढला. कळलं?”

“न्हाई.”

“हा दुसरा. कळला?”

“न्हाई बाबा.”

“बघा!” त्यानं मांडीवर थाप मारली. “तुम्हीच म्हणायचात ना, बघायचं असंल तर आधी गप बसाय शीक? मी नऊ वर्षं गप्प बसलो. आता कॅमेरासुद्धा गप्प बसायला शिकला. तुमचीच शिकवण, आऊ. जाईन तिथं हेच सांगतो लोकांना.”

आऊनं एक वात ताटलीत ठेवली. दुसरी घेतली.

“… बरं.”

“बोलवा ना द्वारकेला.”

“तिचं काय काम काढलंस?”

“तिचाच तर फोटो आहे! तिला द्यायला आणलाय.” तो सुतळी सोडायला लागला. “दिवाळीनंतर आलो होतो ना, तेव्हा चारदा प्रयत्न केला. खट् झालं की पाठ करायची. चारही वेळा. म्हटलं, थांब. पाचव्यांदा मी आरसाच काढून टाकला!”

तो स्वतःच हसला. आऊ हसली नाही.

“पाचव्यांदा कवा आलास?”

“माघात. दुपारी. तुम्ही आत झोपला होतात, उठवलं नाही. वरच्या पायरीवर बसलो, ती खाली होती, काम झालं, गेलो. तिला पत्तासुद्धा नाही!”

आऊची बोटं वातीवर थांबली.

“माघात कवा?”

“पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.”

“… हं.”

श्रीरंगला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली असेल.

“आऊ?”

“जागी हाय. मला दिसत न्हाई, ठावं हाय तुला. तर सांग काय हाय त्यात. सावकाश सांग.”

एवढा मान कुणी दिला नव्हता त्याला. तो मांडी घालून बसला. चौकट आऊच्या मांडीवर ठेवली. आऊनं काचेवर तळवा ठेवला.

“गार हाय,” ती म्हणाली. “टाक्याच्या पान्यावानी.”

“पाणीच आहे ते! ती शेवटच्या पायरीवर ओणवी बसलीय. पदर खांद्यावर, केस मोकळे. वरून ऊन पडलंय. आणि तिचा चेहरा थेट दिसतच नाही आऊ, दिसतो तो पाण्यात. सगळा. डोळे, कपाळ, हनुवटी. जरासुद्धा तरंग नाही. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला आरसा सापडला! त्याच रात्री मोबाइलवरून सगळीकडं टाकला. पन्नास हजारांच्या वर लोकांनी बघितला, पुढं पाठवला. परदेशातून निरोप आले.”

“लोकांना काय आवडलं येवढं?”

“गालावरची सावली. डाव्या गालावर एका पानाची सावली पडलीय. अशी, रुंद बुडाची. सगळे त्या पानाबद्दलच लिहितात. एकानं तर त्या पानावर कविता केली.”

“पान.”

“हो.”

“कशाचं?”

“असेल पिंपळाचं, उंबराचं…”

“टाक्यावर झाड कुठाय?”

श्रीरंग बोलायला गेला आणि थांबला. त्यानं मान वळवून टाक्याकडं बघितलं. कातळ. वर उघडं आभाळ. उंबर होता तो खाली, पायवाट वळते तिथं. इथं गवताची काडी नव्हती.

“उलथनं बघितलंस का कधी चुलीत लाल झालेलं?” आऊ म्हणाली.

तो आऊच्या मांडीवरच्या चौकटीकडं बघत राहिला. चार महिने ते पान त्यानं रोज बघितलं होतं. भिंतीवर, मोबाइलवर, लोकांच्या मोबाइलवर. आता ते पान राहिलं नाही.

“दसऱ्याला आली तवा ओली जखम व्हती. लोनी लावलं, कोरफड लावली. खपली धरली, पडली. मग रोज इचारायची, आऊ, डाग गेला का? मी बोटानं चाचपायची. कातडं गुळगुळीत लागायचं. पर रंग काय बोटाला कळत न्हाई.”

“इथं कुणाकडं आरसा…”

“मठीत आरसा न्हाई ठेवत. इथं आलेल्या कुनालाच आपलं तोंड बघावं वाटत न्हाई. हिला वाटलं. चार म्हयन्यांनी पैल्यांदा वाटलं. मला आनंद झाला रे. मी म्हनलं, जा, टाक्यात बघून ये. पानी निवळ हाय.”

आऊनं काचेवरचा हात उचलला.

“मीच धाडली.”

खाली कुठंतरी गुराखी हाळी देत होता. ती हाळी डोंगराला लागून परत आली.

“द्वारका कुठाय, आऊ?” आता त्याचा आवाज वेगळा होता.

“तू गेल्यावर तिसऱ्या दिशी दोन गाड्या आल्या खाली. चौघं वर चढले. नवरा, दीर, आनखी दोघं. खाकरले न्हाई कुनी. नवऱ्यानं मोबाइल माझ्या तोंडाम्होरं धरला. मी म्हनलं, आंधळीला काय दावतो? तर दिरानं वाचून दावलं. शिकलेला व्हता. चांगलं वाचलं त्यानं.”

“काय वाचलं?”

त्याला ठाऊक होतं काय वाचलं. फोटोखाली लिहिलं त्यानंच होतं. तरी विचारलं.

आऊ एकदा ऐकलेलं विसरत नसे. तिनं अक्षर न् अक्षर म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरीनं कविता म्हणावी तसं, शुद्ध.

“‘सातमाळ्यातलं टाकं. गुरुमाय आऊंची मठी. गावातून पायवाटेनं तासभर चढावं, मोठ्या उंबरापाशी डावीकडे वळावं. सर्वांनी एकदा जरूर जावं.’”

श्रीरंगनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“आऊ, मला… लोक विचारतात, कुठं आहे ही जागा. सगळेच लिहितात. चांगल्या जागा चार लोकांना कळाव्यात म्हणून…”

“कळल्या की.”

“तुम्ही अडवलं नाहीत?”

“दारात आडवी पडले. वलांडून गेले. तिला वढत न्यावं लागलं न्हाई. तीच उठून आली. म्हनली, आऊंना लागंल, पाय नीट टाका. पायरीपाशी गेली न् थांबली. मला म्हनली, आऊ, खोकलेकर आले व्हते का? मी तर खट् ऐकलं न्हाई.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हनलं, न्हाई गं. त्यो असता तर खट् झालं असतं.”

श्रीरंगनं कॅमेरा गळ्यातून काढला. पट्टा कानाला अडकला, तो हिसकला. कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि त्याच्यापासून हातभर मागं सरकला.

“मी जातो तिच्या गावाला. आत्ताच. पोलिसात जातो, तिला सोडवून…”

“फाल्गुनात कासारीन येऊन गेली. बांगड्या घेऊन गावोगाव हिंडती, त्या गावालाबी जाती. तिनं सांगितलं.”

“काय?”

“पान्याला गेली. घागर काठावर भरलेली व्हती, म्हनं. चुंबळ पन नीट घडी करून ठिवलेली.”

“आणि ती?”

आऊनं ताटली चाचपली. एक वात उचलली, बघितल्यासारखी बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

“… विहीर खोल हाय तिकडची.”

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. श्रीरंग तसाच बसला होता. रडू यावं असं त्याला वाटत होतं, म्हणजे काहीतरी केल्यासारखं झालं असतं. आलं नाही.

“फोटो पुसून टाकतो,” तो म्हणाला. “आत्ता, तुमच्यासमोर.”

“पूस.”

त्यानं मोबाइल काढला. पुसला.

“पुसला.”

“पन्नास हजार म्हनलास ना मघाशी?”

मोबाइल त्याच्या हातातच राहिला.

“सगळं टाकून देतो. हा कॅमेरा टाक्यात टाकतो, बघा.”

“पिन्याचं पानी हाय ते.”

“मग काय करू? सांगा ना आऊ! शिव्या तरी द्या. नऊ वर्षं तुमच्या पायाशी बसलो मी.”

“तू बसलास,” आऊ म्हणाली. “मी यंत्राचं खाकरनं चालू दिलं न् मानसाला शिकवायचं राहिलं. बाया हसल्या, मी बी हसले. शिव्या कुनी कुनाला द्यायच्या?”

आऊनं चौकट उचलली आणि त्याच्या दिशेनं धरली. त्यानं घेतली नाही. शेवटी तिनंच ती भिंतीला टेकवली, काच भिंतीकडं करून. आंधळ्या माणसाला उलटसुलट सारखंच. पण हातानं दोनदा चाचपून, खात्री करून, मगच तिनं ती सोडली.

“आता ही जागा लई जनांना ठाव झाली,” ती म्हणाली. “रोज येतात. डबे घेऊन येतात, फोटो काढतात. खट् कुनाचंच होत न्हाई. बाया ऱ्हायल्या न्हाईत हितं. दोघी व्हत्या, त्या बी गेल्या.”

“कुठं गेल्या?”

“न्हाई इचारलं.”

त्याला आता कळलं, आल्यापासून मठीत भांडं वाजलं नव्हतं. चूल गार होती. दोरीवर एकच लुगडं वाळत होतं.

तो उठला. कॅमेरा तिथंच राहिला. खाली जायच्या वाटेला न लागता तो डावीकडं वळला, टाक्याकडं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाण्यात जाऊन बघावं, एवढंच वाटलं. तिनं बघितलं तिथं.

वरच्या पायरीवर त्याचं पाऊल पडलं.

“श्रीरंग.”

नऊ वर्षांत आऊनं पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली होती.

तो थांबला. “हां, आऊ.”

“खाकर.”

त्यानं खाली बघितलं. बारा पायऱ्या, त्याखाली पाणी. पाणी निवळ होतं, तरंग नव्हता, त्यात आभाळाचा एक तुकडा पडला होता.

“खाली कुणी नाही, आऊ.”

“तरी खाकर.”