खिरणीच्या वाडीची थाळी

घाटमाथ्यावरच्या खिरणीच्या वाडीत मूल जन्मल्यावर आनंदाची थाळी वाजत नाही. वाजलीच, तर माणसं हातातलं काम टाकून धावत सुटतात. वाडीमागच्या टेकडीवर मात्र एका सपाट दगडावर काशाची थाळी पालथी घातलेली आहे. टेकडी पाहायला आलेल्यांना म्हाताऱ्या अनशीबाई तिथे बसवतात आणि त्या थाळीची गोष्ट सांगतात.

या टेकडीवर धुरपदा नावाची सुईण एकटी राहायची, असे सांगतात. बाळंतपण आलं की तिला बोलावणं यायचं. वार पडली, बाळ पुसून झालं, की पुढच्या पडवीत थाळी वाजू लागायची आणि धुरपदानं मागच्या दारानं निघायचं. थांब, असं तिला कोणी म्हणत नसे. तिच्याकडे वर चढून येणारी एकच, मोकाश्यांची सून सगुणा. ताकाचा लोटा टेकवायची आणि म्हणायची, "मावशे, माझ्या वेळेला पळून गेलीस तर बघ. गूळपाणी पिऊनच जायचं!"

सगुणाला मुलगा झाला. धुरपदा तिच्या उशाशी बसणार, तोच सासूनं मागचं दार उघडलं. "झालं ना तुझं? मग विटाळ कशाला वाढवतीस?" सगुणानं तिचा पदर धरला होता. धुरपदानं तो सोडवला आणि ती निघाली.

चढावर तिला थाळी ऐकू आली. खिरणीच्या झाडाखाली बसून ती एकटीच हसली म्हणे. मग थाळी मध्येच थांबली आणि पुन्हा वाजली नाही. धुरपदा धावत उतरली. पडवीत बाळाभोवती सगळं घर थिजून उभं होतं आणि आत सगुणा पांढरीफटक, गार पडली होती. खालची गोधडी रक्तानं निथळत होती.

"हाक मारली असंल तिनं. ऐकू नाही आली?" धुरपदानं विचारलं.

सासू भिंतीला टेकली. "थाळी वाजत होती गं."

त्यानंतर धुरपदाकडे ताक घेऊन कोणी आलं नाही. पदर सोडवलेल्या हाताकडे बघत ती दिवस काढायची, असे म्हणतात.

दोन वर्षांनी त्याच घरात धाकटी सून पारू भर दुपारी बाळंत झाली. धुरपदानं मागच्या दाराला आतून कडी घातली, पडवीतली थाळी उचलून आणली आणि पारूच्या ओटीपोटावर हात ठेवून बसली. पोट दगडासारखं घट्ट हवं. ते हाताखाली मऊ पडत होतं. तिनं ते चोळायला घेतलं. बाळ छातीशी लावलं, पारूला लघवी करवली. तरी एकामागून एक फडकी भिजत गेली. तेव्हा धुरपदानं एका हातानं पोट चोळत दुसऱ्या हातानं थाळी बडवली.

"अगंबाई, आता सुईणच वाजवाया लागली!" बाहेर बायका हसल्या. पण थाळी थांबेना, तेव्हा सासूच आत आली. भिजलेली फडकी बघितली आणि ओरडली, "डोली आणा रे!"

घाटाखाली डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. डोलीबरोबर धुरपदा वाकून चालत होती, चोळणारा हात तिनं उचलला नाही. पारू वाचली. धुरपदाची बोटं पुढे दोन दिवस सरळ झाली नाहीत म्हणे. आणि परतल्यावर सासूनं तिला पुढच्या दारानं घरात घेतलं, गूळपाणी दिलं. धुरपदानं तांब्या हातात धरला, पण पाणी प्यायली नाही.

आजही वाडीत बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत. दवाखान्यात असली तरी घरची एक बाई तिच्यापासून हलत नाही, पोट मऊ लागलं किंवा अंगावरून जास्त जाऊ लागलं की लगेच नर्सबाईंना हाक देते. कधी घरीच प्रसूती झाली, तर उशाशी थाळी ठेवतात आणि गाडी दारात उभी करतात.

आणि सव्वा महिन्यानं आई स्वतःच्या पायांनी टेकडी चढते, ती पालथी थाळी उचलते आणि एकदाच वाजवते. तेवढ्यापुरती वाडी धावत नाही. धुरपदा अजून वर एकटीच बसलेली आहे, असं वाडी मानते; तिला कळावं, की या वेळी थाळी बाळंतिणीच्याच हातात आहे.