दाजीसाहेबांचा जुना तांदूळ

कोकणातल्या एका लहानशा संस्थानात धान्याचं कोठार दाजीसाहेबांच्या ताब्यात होतं. एका वर्षी त्यांनी घाईघाईने ओलं भातच कोठारात भरून घेतलं. पुढे ते कांडलं तेव्हा तांदूळ हिरवट-काळा आणि कुबट निघाला. बाजारात तो कुणी घेईना, म्हणून दाजीसाहेबांनी तो बाळंतिणींच्या दवाखान्यात धाडून दिला.

तिथे स्वयंपाक करणाऱ्या सत्यभामाबाईंनी पोतं उघडलं, वास घेतला आणि मूठभर तांदूळ पदरात बांधून त्या थेट दरबारात गेल्या.

"महाराज, याला बुरशी आलीय. हा भात मी बाळंतिणींना वाढणार नाही."

दाजीसाहेब हसले. "बाईंना काय कळतंय? हा जुना तांदूळ आहे. जुन्याला असाच रंग चढतो. बाळंतिणीला याच्यासारखं पथ्य नाही!"

महाराज विचारात पडले. सत्यभामाबाईंनी मात्र हात जोडले.

"चुकलंच माझं. दाजीसाहेब, तुमची लेक मंजुळा परवाच बाळंत झालीय ना? मग एवढ्या गुणाच्या तांदळाचा पहिला भात तिलाच. आत्ता शिजवून आणते."

"खबरदार!" दाजीसाहेब ओरडले. "असलं नासकं खाऊन पोरीच्या जिवाला काही झालं तर?"



"अगंबाई!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तांदूळ तोच आहे, दाजीसाहेब. नुसती बाळंतीण बदलली, तर एवढ्यात नासला?"

महाराज खो खो हसले. मग त्यांनी सगळी पोती खड्डा खणून पुरायला लावली, आणि कोठाराच्या किल्ल्या त्याच दिवशी सत्यभामाबाईंच्या कमरेला लागल्या.