सरकारी वकिलाचं वकीलपत्र

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि साधी भाषा गोड मानून घ्या. गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे.

सरपंच खंडेरावांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि पकडला गेला सहदू कुंभार. खटल्याचे कागद चाळताना सरकारी वकील हिरवे यांना दवाखान्याची चिठ्ठी सापडली. चोरी झाली त्या दिवशी सहदू तालुक्याला सलाईनवर होता! निरपराध माणूस तुरुंगात जाता जाता वाचणार, म्हणून हिरव्यांना हायसं वाटलं.

चिठ्ठीची बातमी कानावर जाताच खंडेराव मात्र कचेरीत येऊन गरजले, "वकीलसाहेब, ती चिठ्ठी दडपा! तुम्ही माझे वकील की त्या कुंभाराचे?"

हिरव्यांनी कोरं वकीलपत्र पुढे सरकवलं. "तुमचाच म्हणता ना? मग अशील म्हणून करा इथं सही."

"मला येडं समजता काय? सरकारी वकिलाला कुणी वकीलपत्र देतं का?"

"नाही ना? सहदूनं दिलं नाही, तुम्हीही नाही. मग खऱ्याशिवाय मला दुसरा अशील कुठाय, सरपंच?"

खंडेरावांनी घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्यांनी स्वतःच ती चिठ्ठी न्यायाधीशांपुढे ठेवली आणि सहदूला सोडा म्हणून सांगितलं. सहदूच्या वकिलाला बोलायला काही उरलंच नाही.