चिचुंद्रीचं उलथनं आणि हवेचा हातोडा

चुलीमागच्या बिळात एक चिचुंद्री राहायची. तिला पिल्लं आठ. आठही खादाड!

एकदा तिच्या इवल्याशा उलथन्यावर बैलाचा पाय पडला. कचाक्! उलथनं वाकलं. आता भाकरी कशी उलटायची? पिल्लांनी भोकाड पसरलं.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली लोहाराकडे.

“लोहारदादा, लोहारदादा, ठोकून द्या!
उलथनं सरळ होईना,
भाकरी उलटेना,
पिल्लांचं रडं थांबेना!”

“मी नाही जा!” लोहारदादा म्हणाला. “आता घण कोण उचलतो? मी घरच्या घरी हवेचा हातोडा बनवलाय. तो ठोकेल, तर देईन.”

त्या हातोड्याने अजून एक खिळाही ठोकला नव्हता, पण लोहारदादाची मिजास केवढी!

तुरुतुरु, तुरुतुरु. आली हातोड्याकडे.

“हातोड्या, हातोड्या, ठोक ना!
लोहार हात लावेना,
उलथनं सरळ होईना,
भाकरी उलटेना,
पिल्लांचं रडं थांबेना!”

“मी नाही जा! टाकी हवा देईल, तर ठोकीन.”

तुरुतुरु, तुरुतुरु. आली टाकीकडे.

“टाकी, टाकी, हवा दे ना!
हातोडा ठोकेना,
लोहार हात लावेना,
उलथनं सरळ होईना,
भाकरी उलटेना,
पिल्लांचं रडं थांबेना!”

“मी नाही जा! पंप फुंकेल, तर देईन.”

तुरुतुरु, तुरुतुरु. आली पंपाकडे.

“पंपा, पंपा, फुंक ना!
टाकी हवा देईना,
हातोडा ठोकेना,
लोहार हात लावेना,
उलथनं सरळ होईना,
भाकरी उलटेना,
पिल्लांचं रडं थांबेना!”

“मी नाही जा! माझा पट्टा शेळी चघळतेय. ती सोडेल, तर फुंकीन.”

तुरुतुरु, तुरुतुरु. आली शेळीकडे.

“शेळीबाई, शेळीबाई, पट्टा सोड ना!
पंप फुंकेना,
टाकी हवा देईना,
हातोडा ठोकेना,
लोहार हात लावेना,
उलथनं सरळ होईना,
भाकरी उलटेना,
पिल्लांचं रडं थांबेना!”

“मी नाही जा! वारा बाभळीच्या शेंगा पाडेल, तर सोडीन.”

तुरुतुरु, तुरुतुरु. बिचारीचे पाय दुखले! आली वाऱ्याकडे.

“वारेबुवा, वारेबुवा, शेंगा पाडा!
शेळी पट्टा सोडेना,
पंप फुंकेना,
टाकी हवा देईना,
हातोडा ठोकेना,
लोहार हात लावेना,
उलथनं सरळ होईना,
भाकरी उलटेना,
पिल्लांचं रडं थांबेना!”

“मी नाही जा!” वारा फुरंगटून बसला होता. “लोहाराला हवा पाहिजे, आणि मला साधं विचारलं नाही! मी काय परका आहे? कुणी जेवायला बोलवेल, तर उठीन.”

“अहो, मग या ना! पहिली भाकरी तुमचीच!”

वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ!
शेंगा पडल्या. टपाटप, टपाटप!
शेळीने पट्टा सोडला. थू!
पट्टा चढला, पंप फुंकू लागला. भक् भक् भक्!
टाकी भरली. गच्च!
लोहारदादाने उलथनं तापवलं. लाल लाल!
हातोडा उठला, आणि… धडाम्!

लोहारदादा घाबरून अंगणात पळाला!

उलथनं सरळ झालं. सरळ झालं आणि पसरलं. पसरलं ते पसरलंच. सुपाएवढं झालं!

“जरा जास्तच लागला वाटतं,” लोहारदादा कान खाजवत म्हणाला.

“जास्त कसला? मला आठ पिल्लं आहेत!”

घरी चूल पेटली. पहिली भाकरी वाऱ्याची. तो आतच शिरला. भाकरी फुगली टम्म!

मग पिल्लांच्या आठ भाकऱ्या. सुपाएवढ्या उलथन्याने आठही एकदम उलटल्या. फट्!

आणि पिल्लांचं रडं? थांबलं एकदाचं. तोंडात भाकरी असताना रडणार तरी कसं?