वैऱ्याने ओढायचा दोर

अहो पावणे, त्या चिऱ्यावर बसू नका. तो धाकूचा चिरा. तांडेलांच्या छपरावरून आलेला हा काथ्याचा दोर, वादळात छप्पर उडू नये म्हणून, त्यालाच बांधलाय. झापं जाऊन कौलं आली, कौलं जाऊन पत्रे आले, दोर मात्र आहेच.

फार जुनी गोष्ट. तेव्हा दोर लाकडी खुंटांना बांधत, आणि पावसाआधी भावकीने तो ओढून बघायचा अशी रीत होती म्हणे. बाबल तांडेल मोठा माणूस, गावच्या होड्या त्याच्या शब्दावर सुटायच्या. त्याचा दोर जोरात कोण ओढणार? भावकीने दोन बोटांनी ओढला नि गूळपाणी पिऊन गेली. शेजारच्या धाकूशी त्याचं जाळी टाकायच्या जागेवरून हाडवैर. धाकू कुंपणापलीकडून म्हणाला, "खुंट वाळूत आसा, बाबल. माका ओढूक दी."

बाबलला वाटलं, मेला वाईट चिंततोय. "वैऱ्याच्या हातात माझो दोर? कधीच नाय!"

त्याच वर्षी त्याची लेक आवडा बाळंतपणाला आली होती. भर दुपारी वादळ उठलं, तेव्हा तिला कळा सुरू झालेल्या. हलवायची सोय नव्हती. खुंट उपटला आणि छप्पर कोपऱ्यातून उचलू लागलं. बाबल दोराला लोंबकळला, तर पाय जमिनीला टेकेनात. भावकीला हाका मारल्या. जो तो आपलं घर धरून बसलेला. समुद्राला सोन्याचा नारळ बोलला, देवीला बोकड बोलला. वारा थांबेना. आत लेक किंचाळत होती आणि बाहेर तांडेल लहान पोरासारखा रडत होता, असं सांगतात.

तेवढ्यात आपलं घर सोडून धाकू धावत आला.

"तू कित्याक इलस?"

"ओढून बघूक."

त्याने दोराचं टोक कमरेला गुंडाळलं, पायरीच्या या चिऱ्याला मिठी मारली नि पालथा पडला. दोघांच्या भाराने कोपरा खाली बसला. वारा पडला तेव्हा आत बाळ रडत होतं. बाबलने हाक मारली. धाकू उठला नाही. दोर त्याच्या पोटात रुतला होता.

आजही आमच्या वाडीत ज्याच्याशी अबोला, त्यानेच दोर ओढून बघायचा. आमचं नि धाकूच्या घरचं जागेचं भांडण कितीदा मिटायला आलं. म्हातारी माणसं मध्ये पडून पुन्हा पेटवतात; मिटलं तर दोर जोरात कोण ओढणार? मीही त्यातलाच, तांडेलांचा. यंदा धाकूच्या वंशातला पोरगा आला, पाय रोवून दोर ओढला. गेला तेव्हा त्याच्या हाताची सालं निघाली होती.