ठकूआईचं मडकं

फार वर्षांपूर्वी, मोरखडीच्या ओढ्याला बारमाही पाणी होतं तेव्हा, त्या गावात ठकूबाई नावाची बाई राहत होती. तिचा एकुलता एक मुलगा म्हादू ऐन तारुण्यात तापानं गेला. मागे उरलं एक जातं आणि पंख मोडलेली एक साळुंकी. म्हादूनं ती वादळातून उचलून आणली होती आणि रोज स्वतःच्या हातानं किडे भरवून जगवली होती.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे आले, बाभळीवर बसले, पण एकही खाली उतरेना. जीव कशात तरी अडकला होता. भावकीतलं कोणी म्हणालं, "म्हादू, तुझ्या आईला अंतर देणार नाही." कोणी म्हणालं, "तुझं रान पडीक पडू देणार नाही." ऊन डोक्यावर आलं, तरी पिंड तसाच. मग ठकूबाई उठली. पिंडापाशी वाकून हळूच म्हणाली, "तुझी साळुंकी उपाशी राहणार नाही, बाळा."

शब्द संपायच्या आत कावळा शिवला, असं म्हणतात.

शब्द तर दिला, पण साळुंकी दाण्याला चोच लावीना. आणि ठकूबाईला अळीची भारी किळस. पीठ चाळताना अळी दिसली, की ती तोंड फिरवून चाळणी चुलीत झटकायची. आता तीच बाई घरोघरी अळ्या पडलेला कोंडा मागू लागली. कोंडा मडक्यात भरायची, ओलाव्याला वर भोपळ्याची साल ठेवायची, तोंडाला फडकं बांधून मडकं चुलीमागच्या उबेला सरकवायची. त्यात अळ्या वाढत.

शेजारची चिंगूबाई हसायची. "अगं ठकू, पिठात अळ्या झाल्या की आम्हाला रडू येतं. तू तर त्यांची बाळंतपणं करतेस!"

"बारशाला ये मग," ठकूबाई म्हणायची.

पुढे एका हिवाळ्यात अशी थंडी पडली, की ओढ्याचं पाणी दगड झालं. रानात किडामुंगी उरली नाही. पाखरं फांद्यांवरून गळून पडू लागली, कोंबड्यांची पिल्लं माना टाकू लागली. चिंगूबाईचं सगळं धन म्हणजे तिच्या कोंबड्या. ती रिकामं सूप घेऊन दारात येऊन उभी राहिली. ठकूबाईनं सुपात मूठभर अळ्या टाकल्या. मग सारं गाव आलं. रानपाखरं अंगणात उतरली. ठकूबाई मुठी देत राहिली आणि थंडी सरेपर्यंत मडकं आटलं नाही, असं म्हणतात.

ठकूबाई गेली तेव्हाही ती साळुंकी जिवंत होती. दहाव्याला पाखरांनी आभाळ झाकलं. पण पिंडाला कावळा शिवेना. "ओढ्यावर तुझ्या नावानं पार बांधू," गावानं सांगितलं. "रोज दिवा लावू." पिंड तसाच. शेवटी चिंगूबाई काठी टेकत पुढे आली.

"ठकू," ती म्हणाली, "मडकं माझ्या चुलीमागे नेलंय गं."

कावळा उतरला.

मोरखडीत आजही चाळणीतली अळी कोणी चुलीत टाकत नाही. नवी सून पहिल्यांदा पीठ चाळते, तेव्हा सासू तिला चुलीमागचं मडकं दाखवते. आणि गावात कोणाचाही दहावा असो, पिंडाशेजारी आधी मूठभर कोंडा ठेवतात, अळ्यांसकट, ठकूआईच्या नावानं. मग सगळे मागे सरून उभे राहतात. कोणी घाई करत नाही. गेलेल्याला कोणता शब्द द्यायचा, ते आठवायला तेवढा वेळ लागतो.