एकसारखी लुगडी

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध गुरुजी राहत. फसवून विकल्या गेलेल्या मुलींना सोडवून आणायचं आणि त्यांना पायावर उभं करायचं, यासाठी त्यांनी आश्रम काढला होता. गावातली माणसं तशी चांगली. फक्त 'कुठली गं तू, कोणाची?' हे विचारल्याखेरीज त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आपल्यासारखीच म्हणा ना.

सणाच्या तोंडावर एक कापडव्यापारी गाडीभर लुगडी घेऊन आला. सगळी एकाच वाणाची, गर्द हिरवी, कोरी करकरीत. गुरुजींनी एकावरून हात फिरवला, पोत वाखाणला आणि गाडी माघारी न्यायला सांगितली.

व्यापारी थक्क होऊन ओट्यावरच बसला. गुरुजींच्या हाताखाली नवाच आलेला शिष्य तर चिडलाच. वेणू नावाची मुलगी दुसऱ्या दिवसापासून विणकराकडे कामाला जायची होती आणि तिचं लुगडं दोन ठिकाणी फाटलेलं, दंड घालून जोडलेलं.

"गुरुजी, तुमच्या मानापायी तिनं फाटक्यात जायचं का?"

गुरुजींनी त्याला जवळ बसवलं. मग म्हणाले, "मानाचं नाही रे, बाळ. तू येण्याआधी अशीच निळी लुगडी आली होती. मी आनंदानं वाटली. आठ दिवसांत गावभर झालं, निळं लुगडं म्हणजे आश्रमातली. पाणवठ्यावर बायका घागरी बाजूला घेऊ लागल्या. तेही सोसलं असतं. पण बाजाराच्या दिवशी मुली विकणारा दलाल आला, त्याला कोणाला काही विचारावंच लागलं नाही. दोघींना घेऊन गेला. एक परत मिळाली. दुसरीला मी अजून शोधतो आहे."

शिष्याची मान खाली गेली.

गुरुजी व्यापाऱ्याकडे वळले. "शेठजी, मदत हवीच आहे, नाही कशी? या लुगड्यांची किंमत आश्रमाला द्या. मुली आपल्या आवडीनं, भाव करून घेतील."

"मग माझं दान लोकांना दिसणार कसं?" व्यापाऱ्यानं हळूच विचारलं.

"दिसलं, तर ते मुलींना बाधलं म्हणून समजा."

व्यापाऱ्यानं ऐकलं आणि पैसे मोजून दिले. सणाआधीच्या बाजारी त्याच्या दुकानात बायकांची झुंबड उडाली. एकीनं पिवळ्या लुगड्यासाठी इतकी घासाघीस केली, की शेठजी घामाघूम झाले आणि त्यांनी हसून भाव उतरवला. त्या गर्दीत आश्रमातल्या कोणत्या, हे त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

आणि त्यांनी कोणाला विचारलंही नाही.